बोट चार गावांची, पेट्रोल कुणाचं?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ साली ५६ च्या घरात पोचली, हे कुठल्याही चहाच्या गाड्यावर ऐकायला मिळेल. पण आपल्या गावाला सगळ्यात जवळची यांत्रिक बोट कुठं ठेवलेली आहे, तिचं इंजिन शेवटचं कधी सुरू केलं होतं, आणि ती चालवणाऱ्याला पैसे कोण देतं, हे विचारून बघा. सरपंचसुद्धा ग्रामसेवकाकडं बघतात आणि ग्रामसेवक तहसील कार्यालयाकडं बोट दाखवतात.

यात कुणी मुद्दाम टाळाटाळ करतंय असं नाही. पाण्यातून माणसं बाहेर काढण्याची सेवा ही मुळातच एका गावाची होऊ शकत नाही, आणि सरकारी पैसा मात्र गावाच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या हद्दीतूनच वाहतो. अडचण आहे ती इथं. ती नीट समजून घेतली तर उपायही फार अवघड नाही.

आधी नदीचं बघू. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा पुढं निघते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. चिखली, आंबेवाडी, शिरोली, पुढं इचलकरंजी, कुरुंदवाड अशी गावं एकामागून एक. शिरोळ तालुक्याच्या वाट्याला तर कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा अशा चार नद्या आल्यात. कृष्णेला पूर असला की पंचगंगेच्या पाण्याला फूग येते, म्हणजे ते पुढं न सरकता मागं तुंबतं, आणि मग पाऊस थांबला तरी पाणी उतरत नाही. राजापूर, खिद्रापूर, अकिवाट, बस्तवाड या भागात दोन गावांमधला रस्ता बुडाला की तो रस्ता कुणाचाच राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अकिवाट–बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यात ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली आणि माणसं वाहून गेली. अशा जागी मदत अकिवाटनं पाठवायची की बस्तवाडनं, हा प्रश्न त्या घटकेला कुणी विचारत नाही. जो जवळ असेल तो धावतो. पण बजेट करताना हा प्रश्न विचारावाच लागतो आणि तिथंच गाडी अडते.

एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं आपत्ती बचाव दल, आहे की, असं कुणी म्हणेल. आहेच, आणि त्यांचं काम आपण डोळ्यांनी बघितलंय. त्यांची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे. अलीकडं पावसाळ्यात एखादी तुकडी कोल्हापुरात आधीच आणून ठेवतात, तेही चांगलंच. पण २०१९ च्या महापुरात पुणे–बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. शिवाय एका तुकडीनं करवीर बघायचं, हातकणंगले बघायचं की शिरोळ? बुडणाऱ्या माणसाचा हिशेब मिनिटांचा असतो. बाहेरची कुमक येईपर्यंतचे पहिले काही तास गावातल्याच माणसांना निभवावे लागतात. आपल्याकडं ते निभावतात ते पट्टीचे पोहणारे, नदीवर हयात गेलेले नावाडी, व्हाइट आर्मीसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, आणि काहीच नसेल तेव्हा गुऱ्हाळावरची काहील. गूळ आटवायच्या काहिलीत बायका-पोरांना बसवून पाणी पार करणारी माणसं या भागात आहेत. त्यांच्या हिमतीला तोड नाही, पण काहील हे काही बचावाचं साधन नव्हे.

मग प्रत्येक गावाला बोट द्या, अशी मागणी होते. ऐकायला बरी वाटते, पण इथं जरा थांबायला हवं.

बोट म्हणजे काय काय, ते एकदा जवळून बघा. फायबरची किंवा रबरी नाव, मागं बाहेरून लावायचं इंजिन, म्हणजे ओबीएम मशीन, लाईफ जॅकेट, दोरखंड, लाईफ रिंग, वल्ही, सर्चलाईट. मशीन महिनोन्‌महिने बंद राहिलं की कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल चिकट होऊन बसतं आणि ऐन वेळी दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. रबरी बोट गोडाऊनमध्ये घडी घालून ठेवली तर उंदीर कुरतडतात, उन्हात ठेवली तर चिरा पडतात. हे झालं सामानाचं. चालवणाऱ्याचं काम त्याहून अवघड असतं. पुराचं पाणी म्हणजे नुसती नदी नव्हे. खाली उभा ऊस असतो, त्याचे शेंडे पंख्यात गुंडाळतात. पंचगंगेत वर जलपर्णी, खाली कुंपणाच्या काटेरी तारा. पाणी चढल्यामुळं एरवी डोक्यावर उंच असणारी विजेची तार हाताला लागेल इतकी जवळ येते. ओढ्याचा प्रवाह कुठून आडवा येतो हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात मशीन दिलं तर वाचवायला गेलेलेच वाचवायची वेळ येते.

८ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनभराहून अधिक जीव गेले. बोट होती, पण तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. किती बसवायची, आधी कोण, जॅकेटशिवाय पाय ठेवू द्यायचा नाही, हे ओरडून सांगणारा आणि लोकांनी ज्याचं ऐकावं असा शिकलेला माणूस बोटीइतकाच महत्त्वाचा. खरेदीच्या यादीत तो कुठंच सापडत नाही.

आता पैशाकडं येऊ. सरकारी खर्च ढोबळमानानं दोन प्रकारचा. एक भांडवली, म्हणजे एकदाच वस्तू घ्यायची. दुसरा आवर्ती, म्हणजे वर्षानुवर्षं चालू राहणारा. बैल घ्यायला पैसे मिळतात, वैरणीला मिळत नाहीत, अशी आपली गत आहे. खासदार निधी आणि आमदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून बोट येईल, फोटोही निघेल, पेट्रोल येणार नाही. ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा मिळाला त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला. उरलेला ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणं वापरायचा. पण या अबंधित पैशातून पगार आणि आस्थापना खर्च करता येणार नाही, अशी स्पष्ट अट होती. म्हणजे त्यात बोट बसत होती, बोटवाल्याचा पगार नाही. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चात, आपत्ती व्यवस्थापन हा विषय बसतो, त्यातून जॅकेट येतात, मशीन येतात. पण कंपनीनं यंदा दिलं म्हणून पुढच्या वर्षी देईलच असं नाही.

मोठा पैसा आहे तो राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीत. साध्या भाषेत सांगायचं तर हा केंद्र आणि राज्य मिळून भरतात. महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी या पैशाची विभागणी ठरवून दिली. एकूण रकमेचा ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्बांधणीला, २० टक्के धोका कमी करण्याच्या कामांना, आणि १० टक्के पूर्वतयारी व क्षमतावाढीला. आपल्या विषयाला उपयोगी आहे तो हा शेवटचा १० टक्के. आपत्तीच्या काळात जीव वाचवायला भाड्यानं बोटी लावल्या तर तो खर्चही या निधीच्या निकषांत प्रत्यक्ष झाला तेवढा देता येतो.

कायदाही पुराच्या दिवसासाठी चांगला सज्ज आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ प्रमाणं बचावकामासाठी खासगी साधनं, वाहनं ताब्यात घेता येतात आणि कलम ६६ प्रमाणं त्यांची भरपाई द्यावी लागते. कलम ५० खाली तातडीची खरेदी नेहमीच्या निविदा टाळून करता येते. थोडक्यात, पाणी गावात शिरलं की पैशाची दारं उघडतात. याच कायद्याचं कलम ४१ मात्र स्थानिक संस्थांना सांगतं की आपत्तीची साधनं केव्हाही वापरता येतील अशा स्थितीत ठेवा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. हे काम बाकीच्या अकरा महिन्यांचं. जबाबदारी कायद्यानं टाकली, पण तिच्यासाठी वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटात खर्चाचं वेगळं खातं, नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला पैसे आहेत, गाळ काढायला नाहीत.

यावर माझं म्हणणं एवढंच आहे की बोट मागणं सोडा आणि ‘तयार असणं’ विकत घ्या. प्रत्येक गावाला एक बंद पडलेली बोट देण्यापेक्षा चार-पाच गावांच्या गटाला एक चालू पथक द्या. दोन बोटी, सहा-आठ शिकलेली माणसं, महिन्याला सराव, आणि त्यासाठी दर वर्षी ठरलेला पैसा.

गटाचा फायदा फक्त पैशाचा नाही. पूर वरून खाली सरकतो. चिखलीला पाणी चढलं म्हणून शिरोळला त्याच तासाला चढत नाही, त्यामुळं माणसं आणि बोटी पुढं हलवायला वाव असतो. २०१९ सारख्या वर्षी सगळेच एकदम बुडतात हे खरं, तेव्हा बाहेरची कुमक लागणारच. पण तसं वर्ष काही रोज येत नाही. एरवी घाटावर पाय घसरणं, पोहायला गेलेली पोरं, नृसिंहवाडीची गर्दी, गणपती विसर्जन, पुलावरून कुणीतरी उडी मारली असा मध्यरात्रीचा फोन, हे वर्षभर चालूच असतं. चार गावांचं मिळून पथकाला तेवढं काम मिळतं की हात सवयीत राहतात. एका गावाच्या पथकाचा हात गंजतो.

आता कळीचा भाग, वाटणीचा. इथं आकडे मांडूनच बघू. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, खऱ्या गावांचे नाहीत. समजा पथकाचा वर्षाचा खर्च ४ लाख रुपये आहे. गावं चार. पहिलं गाव नदीकाठचं, लहान, लोकसंख्या २,०००, घरं ४००, त्यातली ३६० पुरात जातात. दुसरं मोठं, १०,००० वस्तीचं, २,००० घरं, पुरात २४०. तिसरं ४,००० वस्तीचं, पुरात २०० घरं. चौथंही ४,००० वस्तीचं, पण उंचावर, पुरात एकही घर नाही.

सगळ्यांनी सारखं द्यायचं म्हटलं तर प्रत्येकी १ लाख. दिसायला न्याय्य, पण पहिल्या गावातल्या प्रत्येक घरामागं २५० रुपये पडतात आणि दुसऱ्यात ५०. लोकसंख्येप्रमाणं वाटलं तर पहिल्याला ४० हजार, दुसऱ्याला २ लाख, उरलेल्या दोघांना ८०-८० हजार. मोठं गाव लगेच म्हणणार, बुडतात ते आणि भरायचं आम्ही? बरं, पुरात जाणाऱ्या घरांप्रमाणं वाटलं तर पहिल्याला १ लाख ८० हजार, दुसऱ्याला १ लाख २० हजार, तिसऱ्याला १ लाख, चौथ्याला शून्य. म्हणजे ज्या गावाचा दर पावसाळ्यात संसार वाहून जातो, ज्याचा घरफाळा आधीच थकलेला असतो, त्याच्यावर सगळ्यात जड ओझं. तिथं घरामागं ४५० रुपये होतात.

व्यवहारात टिकतो तो मधला रस्ता. निम्मी रक्कम लोकसंख्येवर, निम्मी पूरग्रस्त घरांवर. तसं केलं की पहिल्या गावाला १ लाख १० हजार, दुसऱ्याला १ लाख ६० हजार, तिसऱ्याला ९० हजार, चौथ्याला ४० हजार येतात. आणि यातला अर्धा भार वरून, म्हणजे जिल्हा नियोजन किंवा आपत्ती निधीच्या पूर्वतयारीच्या भागातून आला, तर पहिल्या गावावर वर्षाला ५५ हजार. ४०० घरांत वाटले तर घरामागं वर्षाला १४० रुपयांच्या आत.

चौथ्या गावानं का द्यायचं? त्यांचं एकही घर बुडत नाही. पण त्यांचं दूध खालच्या रस्त्यानं जातं, पोरं खालच्या कॉलेजला जातात, अर्ध्यांची नदीकाठची शेतं खाली आहेत आणि जनावरं सोडवायला हीच माणसं पाण्यात उतरतात. उलट त्यांच्या बाजूनंही एक गोष्ट बोलायला हवी, जी हिशेबात कुणी धरत नाही. पूर आला की छावणी याच गावाच्या शाळेत पडते, जेवण यांच्या हॉलमध्ये शिजतं. तो खर्च त्यांच्या वाट्यातून वजा केला पाहिजे. असं केलं तर चौथ्या गावाचा सरपंच बैठकीला येईल, नाहीतर पहिल्या चहानंतर उठून जाईल.

अर्थशास्त्रात याला फुकट्याची अडचण म्हणतात. वाचवणारा पाण्यात उडी मारताना ‘तुमच्या पंचायतीनं वर्गणी भरली का’ असं विचारू शकत नाही, आणि विचारूही नये. त्यामुळं न भरणाऱ्यालाही सेवा मिळतेच. एकानं थकवलं की दुसरा म्हणतो, मग मीच का भरू? आपल्याकडं याचा अनुभव नवा नाही. प्रादेशिक नळपाणी योजना आठवा. एका गावाची पाणीपट्टी थकते, वीजबिल थकतं, कनेक्शन तुटतं आणि वेळेवर भरणाऱ्या गावाच्या बायकाही घागर घेऊन बाहेर पडतात. म्हणून पथकाची वर्गणी ‘स्वेच्छेनं’ ठेवली तर दुसऱ्या वर्षी बोट गोडाऊनमध्ये गेलीच म्हणून समजा. वाटा गावाच्या हातात यायच्या आधीच, वरून मिळणाऱ्या अनुदानातून वळता झाला तर टिकेल. ग्रामपंचायतींना हे रुचणार नाही, आणि त्यांची बाजूही खरी आहे. आधीच त्यांच्या पैशाला फाटे कमी नाहीत.

कारखान्यांनी द्यावं, असंही एक मत असतं. कारखाने पुरात मदत करतात, पण टनामागं कपात असा शब्द निघाला तर ऊस उत्पादक भडकणार. त्यांचाच ऊस पंधरा दिवस पाण्यात कुजलेला असतो, त्यांच्याच बिलातून बोटीचे पैसे काढायचे हे मला पटत नाही.

अशी सेवा चालते कशी, हे बघायला लांब जायला नको. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. ती कुठल्या गावची, हे कुणी विचारत नाही. एखादा दिवस फोन आला नाही म्हणून चालकाचा पगार कापत नाहीत. गोव्यात समुद्रकिनाऱ्यांवर जीवरक्षक नेमायचं काम तिथल्या सरकारनं २००८ पासून दृष्टी या एकाच संस्थेकडं दिलंय. प्रत्येक किनाऱ्याच्या पंचायतीनं आपापला माणूस शोधत बसावं लागत नाही. कोल्हापूरकर पणजीला गेले आणि लाटेत अडकले तर त्यांना ओढून काढणाऱ्याचा पगार गोवा सरकारच्या तिजोरीतून जातो. आपण तिथं कर भरत नाही, तरी वाचतो. कोकणातल्या आपल्याच किनाऱ्यांवर मात्र शनिवार-रविवारी अर्धं कोल्हापूर लोटतं आणि सुरक्षेचा भार तिथल्या छोट्या ग्रामपंचायतींच्या गळ्यात पडतो. पूरग्रस्त गावाचं आणि किनाऱ्यावरच्या गावाचं दुखणं एकच आहे. फायदा बाहेरच्यांचा, बिल गावाचं.

माणसं मिळतील का, ही शंका मात्र मला फारशी सतावत नाही. आपदा मित्र योजनेत गावोगावच्या तरुणांना १२ दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि कीटही मिळाली. अडचण आहे ती नंतरची. प्रशिक्षण झालेला पोरगा इचलकरंजीत यंत्रमागावर जातो किंवा एमआयडीसीत शिफ्ट करतो. पुराच्या आठवड्यात त्याचे सात-आठ खाडे पडतात. सरावासाठी महिन्यातून एक दिवस घालवायचा तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? माझ्या मते ४ लाखांतला सगळ्यात मोठा हिस्सा इथं जायला हवा. सरावाच्या दिवसाचं मानधन, पुराच्या काळातला भत्ता आणि विमा. विम्याशिवाय कुणाच्या घरच्या माणसाला पाण्यात पाठवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि पारंपरिक नावाड्यांना ‘प्रमाणपत्र नाही’ म्हणून बाजूला काढू नका. खळाळ कुठं आहे ते त्यांनाच माहीत असतं.

हे सगळं बसवायचं कुठं? ग्रामपंचायत कायद्यात एकापेक्षा जास्त स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती करायची सोय आहे. कुरुंदवाडसारखी नगरपालिका आणि आजूबाजूच्या पंचायती अशी एकत्र येऊ शकतात. प्रत्येकीनं ठराव करायचा. पण ठराव ‘सहकार्य करण्यात यावे’ असा मोघम असेल तर तो दप्तरातच राहील. बोट कुणाच्या नावावर, नोंदणी आणि विमा कोण करणार, वाटा कुठल्या सूत्रानं, थकला तर काय, पुराच्या दिवशी हुकूम तहसीलदारांचा की समितीच्या अध्यक्षांचा, एवढं त्यात लिहिलेलं हवं. शेवटच्या मुद्द्यावर भांडण होतं, कारण पुढाऱ्याच्या गल्लीकडं बोट आधी वळवल्याच्या तक्रारी प्रत्येक पुरानंतर निघतात. हुकूम एकाचाच असावा आणि तो निवडून आलेल्या माणसाचा नसावा, असं मी तरी म्हणेन.

हद्दीचा एक पेच तरीही उरतो, आणि तो ठरावानं सुटणारा नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या मंदिरापासून नदीपलीकडं बघितलं की समोर जुगूळ दिसतं, ते कर्नाटकात. पूर दोन्ही काठांना एकच, माणसं एकमेकांच्या सोयऱ्यातली, पण निधी दोन राज्यांचे, कंट्रोल रूम दोन, आणि इकडच्या बोटीनं तिकडं पेट्रोल जाळलं तर ते कुठल्या खात्यात टाकायचं याचं उत्तर शिरोळ तहसीलमध्येही मिळणार नाही आणि बेळगावातही. दोन जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्याआधी बसून एकमेकांच्या बोटींचा खर्च एकमेकांना परत करायचा साधा करार केला, तर यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ही बैठक झाली तर जूनमध्ये मशीनं तपासायला वेळ उरतो.